ज्या त्या गावची दुपार

जो उगवताना कोणाचे कुळ विचारत नाही आणि मावळताना कोणाचे अंगण वगळत नाही, त्या भगवान सवितृनारायणाला प्रथम वंदन. करवीरनिवासिनी जगदंबेला वंदन. ज्यांनी मला सारवलेल्या भुईवर वर्तुळ काढायला शिकवले, त्या माझ्या गुरूंच्या चरणांना वंदन. प्रसंग असा की, कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सीमेलगतच्या एका लहानशा गावात, एका जुन्या खळ्याच्या कडेला मी आज बसलो आहे. आणि थोड्याच वेळात समोरच्या खांबाची सावली नाहीशी होणार आहे.

आपल्या प्रदेशावर सूर्याची एक विशेष कृपा आहे. वर्षातून दोन वेळा तो ठीक आपल्या माथ्यावर येतो आणि मध्यान्हीच्या क्षणी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली शिरते. त्यातील एक दिवस पावसाळ्यात येतो आणि बहुधा ढगांत हरवतो. दुसरा मे महिन्याच्या आरंभी, करवंदे पिकू लागतात तेव्हा. शहरात त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. या गावात नुसते ‘दुपार’ म्हणतात. ‘औंदाची दुपार सोमवारी हाय, या,’ एवढाच निरोप मला फोनवर आला आणि मी पंचा, पळी-पंचपात्र आणि औषधाची डबी घेऊन निघालो.

खळे आता खळे राहिलेले नाही. नाचणी यंत्रावर मळली जाते. भुईवर फरशी आली आहे. पूर्वी येथे शेणाच्या सारवणाचा, कडब्याचा आणि उन्हात तापलेल्या कोंड्याचा असा एक मिश्र गंध असे की, डोळे मिटूनही माणसाने महिना ओळखावा. बैलांच्या फेऱ्यांनी भुई गुळगुळीत होई आणि मध्ये मेढ उभी असे, म्हणजे ज्याच्याभोवती बैल फिरतात तो लाकडी खांब. बैल गेले, फेऱ्या गेल्या. मेढ मात्र आहे, सरळ, पुरुषभर उंच, तेलपाण्याने काळीभोर झालेली.

तिच्याकडे पाहत असताना मला माझी नृसिंहवाडी आठवते. आम्ही सात-आठ विद्यार्थी तेथील पाठशाळेत शिकत होतो. पहाटेच्या स्नानानंतर अंगावरचे ओले धोतर वाळेपर्यंत घाटाच्या पायरीवर संथा म्हणावी, औदुंबराची पिकली फळे पाण्यात टपटप पडावीत, आणि वर खव्याच्या भट्टीवर दूध आटत असल्याचा वास येऊ लागला की आमचा स्वर एका पट्टीने ढळावा, अशी ती बाळपणाची सकाळ. संगमावरच्या वाऱ्याला कापूर आणि ओला चिखल या दोन्हींचा वास असे. गुरुजींनी ज्योतिषाचा पाठ पुस्तकातून आरंभला नाही. अंगण सारवून घेतले, दोरीने वर्तुळ काढवले, मधोमध खैराचा बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मापण्याची सरळ खुंटी, रोवला आणि म्हणाले, “आता बसा. हाच तुमचा ग्रंथ.”

आम्ही बसलो. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरताना जेथे रेघेला शिवले तेथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडताना शिवले तेथे दुसरी. दोन खुणा दोरीने जोडल्या की पूर्व-पश्चिम सापडते. तिला काटकोनात दुसरी दोरी ओढली की दक्षिणोत्तर. मध्यान्हीला सावली नेमकी त्या दोरीवर येते. होकायंत्र नको, घड्याळ नको. मला त्या दिवशी एवढा आनंद झाला की मी जेवणाच्या पंक्तीत मीठ वाढायला विसरलो आणि गुरुजींनी अळणी वरण मुकाट्याने खाल्ले.

पुढे कोल्हापुरात अध्यापन करू लागलो तेव्हा या वेडाला सोबती मिळाले. मंगळवार पेठेतील एका गच्चीवर दर रविवारी आमचे छायामंडळ भरे. छंदापलीकडे त्याला काही प्रयोजन नव्हते. सावल्या मोजायच्या, कागदावर रेघा ओढायच्या, छायाघड्याळे करायची. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले बापूसाहेब अध्यक्ष होते. त्यांची पेन्सिल नेहमी कानावर आणि टोक नेहमी सुईसारखे. खालच्या भडभुंज्याकडून फुटाण्यांचा वास वर येई. दूर कसबा बावड्याकडे साखर कारखान्याचा भोंगा बाराला वाजला की रस्त्यावरची माणसे घड्याळे जुळवत. आम्ही हसत असू, कारण आमचा खरा मध्यान्ह अजून अर्धा तास दूर असे. गुऱ्हाळांच्या दिवसांत वाऱ्यावरून काकवीचा वास येई आणि बापूसाहेब म्हणत, “शास्त्रीबुवा, उत्तरायण नाकाला कळतंय बघा.”

मंडळाचा कणा होते दस्तगीरमामा. उचगावचे गवंडी. हातात सदैव ओळंबा, म्हणजे दोरीला लोंबणारे पितळी वजन. भिंत सरळ आहे की नाही ते त्याने पाहतात. कुठलाही शंकू त्यांनी ओळंब्याने पारखल्याशिवाय मंडळात मान्य होत नसे. सावली ढळल्यावर त्यांची जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज असे आणि मध्यान्हीला माझी संध्या.

“गुरुजी, सावली कलली की हाक मारा,” ते म्हणत, “तुमचं आटपायची वाट बघत बसलो तर माझं राहून जातंय.”

गच्चीच्या एका कोपऱ्यात माझे आचमन, दुसऱ्या कोपऱ्यात त्यांची सतरंजी. मधे शंकू. त्या रविवारांची शांतता मी पुन्हा कुठे ऐकली नाही.

हळूहळू गावोगावची बोलावणी येऊ लागली. शाळेच्या पटांगणात, देवळाच्या पारापाशी, दूध संकलन केंद्रापुढे खांब उभे राहिले. आम्हाला फार कौतुक वाटे. आणि कौतुकाच्या पाठोपाठ जे येते तेही आलेच. बापूसाहेबांनी सुचवले की सर्व गावांना मंडळाच्या नावाचे एक छापील कोष्टक पाठवावे. बिनसावलीचा दिवस कोणता, क्षण कोणता, हे त्यात असावे. गणित मी केले. सुंदर जांभळ्या शाईत ते छापले गेले. खाली माझे नाव होते, नावामागे माझ्या पदव्या होत्या.

या गावात ते कोष्टक येथल्या शाळेच्या मास्तरांकडे आले. खांब नव्याने रोवण्याची गरज नव्हती. शेवंताक्कांच्या घराजवळच्या, गावाच्या सामाईक खळ्यातली मेढ होतीच. दस्तगीरमामांनी ती तासून, ओळंब्याला लावून सरळ केली होती. शेवंताक्का म्हणजे त्या वेळी पन्नाशीच्या, रापलेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या. आवाज असा की पलीकडच्या शेतातल्या माणसाने वळून पाहावे. शाळेत गेल्या नव्हत्या. पण मामांनी मेढीखाली दोरी ओढून सावलीची रीत समजावली, तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले, आणि दोन्ही आमच्या मंडळात कोणी कधी विचारले नव्हते. “पाऊस असला तर काय?” आणि “मेढ जुनी झाली, बारीक झाली, तर सावली खोटी हुती का?”

ठरलेल्या दिवशी बापूसाहेब, मामा आणि मी एस.टी.ने आलो. गावाने हलगी लावली होती. आम्हाला शाल, नारळ. मास्तरांनी कोष्टक मोठ्याने वाचून दाखवले. सरपंच अण्णा, जाड मिशांचे, चेष्टेखोर गृहस्थ, पांढरी टोपी सारखी करून पुढे बसले. सारे गाव मेढीभोवती दाटले. सावली आखडत आली, आखडत आली, दोरीवर आली.

आणि थांबली.

दीड बोट सावली मेढीच्या पायथ्याबाहेर उरली. हलगीवाल्याने उचललेली काठी तशीच धरली. माणसे वाकून पाहू लागली. बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. “खांब वाकडा आहे,” ते म्हणाले.

दस्तगीरमामांनी ओळंबा सोडला. चारही अंगांनी पाहिले. “खांब सरळ हाय, सायेब.”

तेवढ्यात शेवंताक्का बोलल्या. “तीन दिसामागं गेलती की वो सावली. मी बगिटली हितं उभं ऱ्हाऊन. पार पायात शिरलीती. मास्तरला सांगाय गेलते, तर म्हणला, कागदावर न्हाय.”

कोणीतरी हसले. मग पुष्कळ हसले. सरपंच अण्णा म्हणाले, “अक्का, सूर्व्या काय तुज्या कानात सांगून गेला व्हय? शेरातनं एवढी शिकल्याली माणसं आल्यात, ती काय येडी हाईत?”

मी सावलीकडे पाहत होतो. उरलेली सावली दक्षिणेकडे पडली होती. वैशाखातल्या मध्यान्हीला सावली दक्षिणेला पडते याचा अर्थ एकच होतो: सूर्य हे गाव ओलांडून उत्तरेला निघून गेला आहे. त्याच क्षणी माझी चूक माझ्यापुढे उभी राहिली. प्रत्येक स्थळाची स्वतःची पलभा असते, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी मध्यान्हीला शंकूची जी सावली पडते तिचे माप. ते दक्षिणेकडे कमी होते, उत्तरेकडे वाढते, आणि त्यावरून त्या त्या स्थळाचे दिवस ठरतात. हे मी बाराव्या वर्षी पाठ केले होते. शेकडो विद्यार्थ्यांकडून करवून घेतले होते. आणि कोष्टक करताना साऱ्या जिल्ह्याला कोल्हापूरची पलभा लावून मोकळा झालो होतो. एका घरी आणलेल्या पंचांगावर साऱ्या आळीने सण करावेत, ही आमची पिढीजात सवय. ती माझ्या लेखणीत उतरली होती. हे गाव कोल्हापूरच्या पुष्कळ दक्षिणेला. येथली दुपार तीन दिवस आधीच होऊन गेली होती. ती शेवंताक्कांनी पाहिली होती.

हे सारे मला समजले आणि मी काहीही बोललो नाही. खांद्यावर गावाची शाल होती. अक्का माझ्याकडे पाहत होत्या. तेथे खरे-खोटे ठरवू शकेल असा मी एकटाच होतो, हे त्यांना कळत असावे. मी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. हसू वाढले. त्या पदर सावरून घरात गेल्या.

परतीच्या एस.टी.त बापूसाहेब ढगांना, हवेला, लाकडाला दोष देत राहिले. दस्तगीरमामा खिडकीशी बसले होते. बाहेर पाहतच ते म्हणाले, “ओळंबा खरं सांगत हुता, गुरुजी. तुमाला बी दिसलं हुतं.” मी होय म्हणालो. 

पंधरवड्याने मी एकटाच परत आलो. येथेच, या खळ्यात, शेवंताक्का तूर पाखडत होत्या. सुपातून उडालेला कोंडा उन्हात सोनेरी दिसत होता. मी हात जोडले आणि झाले ते सांगितले. त्यांनी सूप थांबवले नाही.

“मग त्या दिशी त्वांडाला काय झालतं?”

मी सुपाबाहेर उडालेले तुरीचे दाणे वेचू लागलो.

“हितं मला एकटीला सांगून काय उपेग? गाव हासलं ते हासलंच. पानवठ्यावर बाया इचारत्यात, अक्का, सूर्व्या आज काय म्हणला?”

मी सरपंच अण्णांकडे गेलो, पारावर चार माणसे गोळा करून माझी चूक सांगितली. अण्णांनी पान जमवले, चुना लावला आणि सावकाश म्हणाले, “गुरुजी, तुमी भली माणसं. अक्काचं मन राखाया एवढ्या लांबनं आलासा. पण आमी काय ल्हान पोरं हाय व्हय? ती मेढ आता काढून टाकतो. खळं मोकळं झालं की ट्रॅक्टर लावाय बरं.”

माझ्या मौनाला लोकांनी विद्वत्ता मानले आणि माझ्या सत्याला सौजन्य. याहून मोठा दंड मला आयुष्यात झाला नाही.

तेव्हा शेवंताक्काच पुढे आल्या. कमरेला हात, कपाळावर घाम. “अण्णा, एक साल थांब. फुडल्या साली दिस मी सांगती. सावली न्हाय गेली तर मेढ तुज्या हातानं उपटून ने, चुलीला घाल. मी हूं का चूं करनार न्हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आन् तुमी फुडल्या साली एक अक्षर सांगाचं न्हाय. कागद धाडाचा न्हाय. फकस्त मामास्नी घिऊन या. खांब सरळ हाय का तेवढं बगा. बाकीचं आमचं आमी बगतो.”

हा निरोप मी छायामंडळापुढे ठेवला. फुटाण्यांची पुडी तशीच पडून राहिली, इतके आम्ही त्या रविवारी भांडलो. बापूसाहेबांचे म्हणणे असे की, गावांना असे मोकळे सोडले तर चुका होतील आणि नाव मंडळाचे जाईल. निदान एक जाणकार तेथे बसावा, त्याने तारीख तपासावी, मगच जाहीर व्हावी.

“आणि त्या चुकल्या तर?” त्यांनी मला विचारले.

“तर ती त्यांची चूक असेल. त्या ती दुरुस्तही करतील. आपण चुकलो तेव्हा त्यांना ते म्हणण्याचीसुद्धा सोय नव्हती.”

बापूसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली. ते मानी होते, पण कोते नव्हते. अखेर त्यांनी छापील कोष्टकांचा गठ्ठा मागवला आणि कोऱ्या बाजूने कच्च्या आकडेमोडीला घेतला. त्या दिवशी मंडळाने ठरवले ते आजतागायत चालू आहे: गावाने बोलावले तर जावे, दोरी आणि ओळंबा न्यावा, रीत दाखवावी, दोन रविवार बसावे आणि उठून यावे. दिवस गावाने काढावा. खांबावर नाव घालायचे तर गावाचे घालावे. पुढच्या महिन्यात सर्व गावांना पत्रे गेली. त्यांत माझ्या चुकीची कबुली होती आणि जांभळ्या कोष्टकाची रद्दी करावी अशी विनंती होती.

मग ते वर्ष आले, ज्याच्या आठवणीने आजही माझा ऊर भरून येतो. मकर संक्रांतीनंतरच्या सोमवारी शेवंताक्कांनी मेढीच्या उत्तरेला, अडीच-तीन हातांवर, सावलीच्या टोकाशी एक चिंचोका ओल्या सारवणात दाबून बसवला. पुढच्या सोमवारी दुसरा, थोडा अलीकडे. मास्तरांच्या पत्रातून हे मला कळत राही. महाशिवरात्र झाली, चिंचोक्यांची रांग अलीकडे सरकली. होळीची राख झाली, रांग आणखी सरकली. आधी एकट्या अक्का होत्या. मग पाण्याला जाता-जाता बायका थांबू लागल्या. दोरीवर सावली आली की एक जण ‘आली गं’ अशी हाळी देई आणि आळीतल्या दोघी-तिघी हात पुसत बाहेर येत. जी पाणवठ्यावर हसली होती तीच आता चिंचोका धुऊन आणी. आंब्याला कैऱ्या लागल्या तेव्हा अक्कांनी चिंचोके सोडले आणि रोज गेरूची बारीक रेघ ओढायला आरंभ केला.

मी काही कळवले नाही. गणित मात्र केले होते. ते न करणे माझ्या शक्तीबाहेरचे होते. संध्येला बसलो की तो दिवस मनात येई आणि मी तो सूर्याच्या स्वाधीन करून उठे.

एके दिवशी निरोप आला: शुक्रवारी या. मी बोटांवर मोजले आणि चेहरा मामांपासून लपवला.

सकाळी आम्ही पोहोचलो तर खळ्यात कालवा चालला होता. शेवंताक्का मेढीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. शेवटच्या दोन रेघा दोरी सोडून बाजूला गेल्या होत्या. “मामा, बगा हिकडं. कवाधरनं रांग सरळ आली, आन् परवापास्नं वाकडी. सूर्व्या वाकडा चालत न्हाय. मेढ कलली हाय.”

मामांनी ओळंबा सोडला. मेढ खरोखरच कलली होती. बुडाशी माती उकरलेली, आणि बाजूला शेण.

“कुनाची म्हस बांधलीती हितं?” अक्कांचा आवाज चढला.

 मग एका म्हातारीने हळूच सांगितले, “सरपंचाची.”

सरपंच अण्णा टोपी खाजवत म्हणाले, “आगं, गोठ्यात गाळ झालता. दोन दिस बांधली. मला काय ठावं, म्हस सूर्व्याला वडती ते?”

यावर जे हसू झाले ते गतवर्षीच्या हसण्याहून निराळे होते. पण अडचण खरी होती. शेवटच्या दोन रेघा खोट्या ठरल्या. आता दिवस आजच, हे कशावरून? अक्का पुन्हा खाली वाकल्या. आधीच्या रेघांमधले अंतर त्यांनी बोटाने मोजले. एकदा, दोनदा. “रोजची अर्ध्या बोटाची चाल हाय. मंगळवारापातूर रेघा खऱ्या. तितनं दीड बोट ऱ्हायलतं. बुधवार, बेस्तरवार, आन् आज.” त्या उभ्या राहिल्या. “आजच.”

“नसली तर?” अण्णा म्हणाले. “म्हस तुज्या दारात बांधीन हां.”

“बांध की. दूध मी काडीन.”

मामांनी कंबर बांधली. पहारीने माती मोकळी केली, दगडी पाचरी ठोकल्या, ओळंबा पुनःपुन्हा सोडला. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. कोणी पाणी आणले, कोणी माती ठेचली; स्वतः अण्णांनीही मेढ धरली, कारण म्हैस त्यांची होती. ओळंब्याचे पितळ स्थिर झाले तेव्हा मध्यान्हाला घटकाभर अवकाश होता.

मी पुढे सरकून बसणार, एवढ्यात शेवंताक्कांनी मला हटकले. “गुरुजी, तुमी तिकडं त्वांड करून बसा.”

“का हो अक्का?”

“तुमास्नी दिस ठावं असनार. लोक सावली बगायची सोडून तुमचं त्वांड बगत्याल. मी बी बगीन. आज तसलं नगं.”

मी उठलो, मेढीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून पद्मासन घातले. बावन्न वर्षे सावली पाहणाऱ्या मनुष्याला त्या दिवशी भिंत पाहायला सांगितले गेले, आणि मला ते योग्य वाटले. मी डोळे मिटून जप आरंभला.

म्हणून त्या मध्यान्हीचे मला केवळ ध्वनी आठवतात. बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. कोठे तरी रवीचा घुसळण्याचा आवाज येत होता, तोही थांबला. मामांचे गुडघे वाजले. ते खाली बसले असावेत. कोणीतरी कुजबुजले, कोणीतरी त्याला गप्प केले. मग एवढी निःशब्दता पसरली की चिंचेवरून पडलेल्या पानाचाही आवाज आला असता. त्या निःशब्दतेत चपलांची करकर ऐकू आली. जड पावले. मेढीभोवती एक फेरी. थांबली. पुन्हा एक फेरी, सावकाश. मी सरपंचांच्या चपला ओळखल्या. माझ्या हातातील माळ कोणत्या मण्यावर आहे याचे मला भान उरले नाही.

“अक्का,” अण्णांचा आवाज आला, आणि त्यात चेष्टा नव्हती. “गेली की गं. पार गेली.”

हलगी कडाडली. बायकांचा एकच गलका झाला. त्या साऱ्यावरून शेवंताक्कांचा आवाज, भरलेला तरी खणखणीत, “आन् तुजी म्हस मधी आलती तरी!”

“गुरुजी, वळा आता,” मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळलो. मेढ उन्हात उभी होती. तिच्या उत्तरेला काही नव्हते, दक्षिणेला काही नव्हते. शेकडो पाऊलखुणांनी उठलेल्या भुईवर ती जणू स्वयंभू उगवली होती. माणसे आपापल्या पायांकडे पाहून लहान मुलांसारखी हसत होती.

सरपंच अण्णा माझ्याजवळ आले. “गुरुजी, बराबर हाय न्हवं? तुमच्या गनितात बी आजच हुतं न्हवं?”

क्षणभर मला गतवर्षीची शाल खांद्यावर जाणवली. मी म्हणालो, “अण्णा, या गावची दुपार मला विचारू नका. ज्यांनी काढली त्यांना विचारा.”

अण्णांनी टोपी काढली. अक्कांपुढे जाऊन, सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, “अक्का, फुडल्या साली कवा?”

“फुडल्या साली रेघा सांगत्याल,” त्या म्हणाल्या. “पर म्हस लांब बांध.”

मामा मात्र चिंतेत पडले होते. मेढीकडे पाहत मला म्हणाले, “गुरुजी, सावलीच न्हाय तर आज ढळली हे वळखायचं कसं? माझी नमाज अडली की वो!” अखेर अक्कांनीच दोरीवर डोळा ठेवला आणि पूर्वेला केसाएवढी काळी कड उमटताच त्यांना हाक दिली. पाण्याची कळशीही त्यांनीच भरून ठेवली होती.

बापूसाहेब आज नाहीत. मंगळवार पेठेतील ती गच्चीही नाही. तेथे पाच मजले उभे आहेत आणि भडभुंजा कोठे गेला ते कोणास ठाऊक नाही. दस्तगीरमामा पैलतीरी गेले, त्यांचा ओळंबा मंडळाला देऊन. मंडळाचे कपाट बहुतेक वेळा रिकामे असते, कारण दोऱ्या आणि ओळंबे कोणत्या ना कोणत्या गावी गेलेले असतात. या गावातूनच सीमेपलीकडे दोन वाड्यांवर रीत गेली आहे. तेथे चिंचोके कानडीत मोजतात. या कामात मंडळाचे नाव कोठेही कोरलेले नाही, आणि एवढे यश आम्ही कल्पिलेही नव्हते.

शेवंताक्का आज खुर्चीवर बसल्या आहेत. दृष्टी अधू झाली आहे. सून दोरीशी वाकली आहे आणि अक्का दर थोड्या वेळाने विचारतात, “किती ऱ्हायली गं?” सून म्हणते, “कड ऱ्हायली, आत्ती. थांबा की जरा.” मला यंदा मेढीकडे तोंड करून बसण्याची अनुज्ञा मिळाली आहे. मी गणित करून आलेलो नाही.

आता सून सरळ झाली. तिने पदर खोचला, श्वास घेतला. “गेली!” तिचा आवाज सासूच्या तोडीचा आहे. अक्कांनी न दिसणाऱ्या भुईकडे हात जोडले, आणि सारे गाव टाळ्यांनी दणाणले.

वाचकहो, ज्या दारात बसून आपण हे वाचत असाल त्या दारावर सवितृनारायणाची दृष्टी प्रसन्न राहो. आपल्या घरातील वृद्धांना ऊन बाधू नये, मुलाबाळांना ते कमी पडू नये. आपल्या घरच्या कोणी डोळ्यांनी पाहिलेले खरे सांगितले, तर ते ऐकून घेणारे कान आपल्या उंबऱ्याच्या आत सदैव असोत. आपल्या चुलीला अन्न, आपल्या वाणीला धैर्य आणि आपल्या अंगणाला त्याची स्वतःची दुपार लाभो. शुभं भवतु.